घरचा गोली

फुटबॉलमधलं मला काय कळतं, असं आमच्या मंडळात दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मीही दर वर्षी तेच उत्तर देते: माझ्याकडे सात सीटची गाडी आहे. दुबई सिलिकॉन ओएसिसच्या मराठी संघाची मॅनेजर व्हायला एवढी पात्रता पुरते. ऑफसाइड मला आजही समजत नाही. पण घामानं निथळणारी पाच मुलं, दोन आइसबॉक्स आणि एक रागावलेला कोच एवढा ऐवज टोल चुकवून वेळेवर मैदानावर कसा पोचवायचा, ते मला समजतं.

वडील मंडळी इथेही क्रिकेटच खेळतात, पोटं सांभाळत. पण इथेच वाढलेल्या मुलांना फुटबॉलचं वेड. म्हणून मंडळानं हिवाळ्यात सहा संघांची सात-सात जणांची लीग सुरू केली आणि प्रत्येक संघात कॉलेजची चार मुलं हवीत असा नियम केला. मग भांडणं सुरू झाली. सगळी चांगली मुलं एकाच संघात कशी गेली, कुणी कुणाला बिर्याणी खिलवून फितवलं, वगैरे. तेव्हा माझ्या नवऱ्यानं, जो रात्रंदिवस अमेरिकन फुटबॉल बघतो आणि तो आपल्यालाही कळतो असं समजतो, एका बैठकीत उठून सांगितलं की तिकडे कॉलेजमधले खेळाडू संघांनी आळीपाळीनं निवडायची पद्धत आहे, तिला ड्राफ्ट म्हणतात, आपणही तसंच करू. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा, चार फेऱ्या, दर फेरीत प्रत्येक संघानं एक नाव पुकारायचं. सगळ्यांना ते इतकं आवडलं की नवरा आठवडाभर घरात हात मागे बांधून चालत होता.

मंडळानं त्यात आपली एक सोय घुसवली. मॅनेजरचं स्वतःचं मूल जर कॉलेजात असेल, तर ते ‘घरचा खेळाडू’ म्हणून आईबापाच्या संघात राहील. त्याच्यासाठी फेरी खर्च करायची नाही. आईनं एका संघाची मुलं गाडीतून न्यायची आणि तिचाच मुलगा दुसऱ्या संघात, असं झालं तर गाडी येणार कशी, हा विचार. विचार व्यवहारी होता. त्यामुळे तीन वर्षं माझ्या संघाला गोलकीपर फुकट मिळाला. माझा मुलगा.

फुकट मिळालेल्या माणसाचं काय होतं ते मी तिन्ही वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मला ते दिसलं मात्र नव्हतं. ड्राफ्ट बर दुबईतल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होतो. मुलं भिंतीला टेकून उभी असतात, मोबाइलमध्ये बघत असल्याचं नाटक करत. माइकवरचे काका एकेका मॅनेजरच्या हाती माइक देतात आणि तो नाव पुकारतो, अगदी शाळेच्या हजेरीसारखं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. टाळ्या पडतात. मुलगा पुढे येतो, संघाचा टी-शर्ट घेतो, फोटो होतो. चार फेऱ्या संपल्या की खालून पुऱ्यांचा वास येतो, खुर्च्या सरकतात आणि त्या गलक्यात काका घाईघाईनं म्हणतात, “आणि घरचे खेळाडू आपापल्या संघात!” झालं. माझा मुलगा पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांजवळून निघायचा आणि माझ्या पिशवीतून स्वतःच टी-शर्ट काढून घ्यायचा.

यंदा ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी तो टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, “आई, मला या वर्षी घरचा ठेवू नकोस. पुट मी इन द पूल.”

“कशाला? पूलमध्ये बुडशील.”

“आई, आय ॲम सीरियस. मला आजपर्यंत कोणी निवडलंच नाहीये. यू जस्ट हॅव मी.”

मी चहा गाळत होते, तो गाळायची थांबले. हा मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वर्ष संपलं की बापाच्या व्हिसावरून उतरणार आणि नोकरी जिथे मिळेल तिथे जाणार. इथे सगळ्यांच्याच मुलांचं तसं असतं. म्हणजे हा त्याचा शेवटचा ड्राफ्ट.

“बरं,” मी म्हणाले, “मग मी तुला पहिल्याच फेरीत घेते. थाटात.”

“नो! एव्हरीवन विल से आईनं घेतलं.”

“दुसऱ्या?”

“आई!”

“तिसऱ्या फेरीत कुणाला संशय येणार नाही.”

त्यानं टोस्ट ताटलीत ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून घरच्या खेळाडूवरचा हक्क सोडला. फोन ठेवला आणि मग मी बोटांवर हिशेब करायला लागले. चोवीस नावं पुकारली जाणार होती आणि मुलं तीसच्या वर होती. गोलकीपर तर सगळे शेवटी शेवटी घेतात, नाइलाजानं, जेवणात पापड घ्यावा तसे. जी मुलं उरतात त्यांना ‘राखीव’ म्हणतात. राखीव म्हणजे पाणी आणा, चेंडू आणा आणि कुणाचा पाय मुरगळला तर देवाचे आभार माना. माझ्या मुलाला कुणी पुकारलंच नाही तर? आणि मी पुकारलं तर ते पुकारणं नव्हतंच. मी अशी कात्रीत सापडले आणि दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत राहिले. फ्रिज तीनदा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या हॉलमध्ये निवड समिती बसली. समितीत आम्ही चौघं. मी. चहा करायचं कबूल करून बसलेला आणि न उठलेला माझा नवरा. कप्तान, हा इन्शुरन्समधला तरुण, जगातल्या प्रत्येक गोष्टीत आधी धोका बघणारा. आणि कोच. कोच गुहागरचा, रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात तपासणीला असतो. बोटाच्या पेरानं टाइल टकटक वाजवून पोकळ आहे की भरीव ते सांगतो आणि आपल्याला माणसंही तशीच वाजवता येतात असा त्याचा पक्का समज आहे. समज खोटा आहे. मागच्या वर्षी त्यानं ‘भरीव’ म्हणून घेतलेला मुलगा पहिल्या सामन्यात उन्हानं चक्कर येऊन पडला आणि थेट बंगळुरात पुढचं शिक्षण घ्यायला गेला. पण कोचचा आवाज असा आहे की तो चुकत असतानाही पटतो.

“पहिल्या फेरीत स्ट्रायकर,” कोचनं जाहीर केलं. “ॲकॅडमिक सिटीतला तो उंच पोरगा. खलास. चर्चाच नको.”

“त्याच्या वडिलांची कंपनी माणसं कमी करतेय,” कप्तान म्हणाला. “जानेवारीत कुटुंबासकट पुण्याला गेला तर? फायनल कोण खेळणार?”

“अरे, तू फुटबॉलर निवडतोयस की पॉलिसी विकतोयस?”

“कोच, इथे खेळ दुसरा येतो. पहिला प्रश्न, मुलगा मार्चपर्यंत देशात आहे का? तो डाव्या बाजूचा विंगर चांगला आहे, पण त्याची आई कॅनडाचे फॉर्म भरतेय. माझी बायको तिच्याबरोबर झुंबाला जाते.”

“कॅनडाला जायला दोन दोन वर्षं लागतात,” नवरा म्हणाला. “अमेरिकेत असं बघत नाहीत. तिथे मुलगा किती सेकंदांत धावतो ते बघतात.”

“साहेब, तिथे मुलाला गाडी चालवता येते,” कोच म्हणाला. “इथली मुलं टेस्टला तीन तीनदा नापास होतात आणि वहिनींच्या गाडीत बसतात.”

हा टोमणा पलीकडच्या खोलीसाठी होता. माझा मुलगा ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झाला होता. आमच्या इमारतीतल्या भिंती जिप्समच्या, पलीकडच्यानं चॉकलेटचा कागद उघडला तरी ऐकू येतं. तो आत अभ्यास करत होता, म्हणजे कानावर हेडफोन होते, म्हणजे ते बंद होते.

मग तो विषय आलाच. कप्ताननं तो फार हळुवारपणे आणला, जणू कुणाच्या घरी कुणी गेलंय.

“ताई, आपला गोली आपण का सोडला? फुकट होता.”

“त्याला फुकट राहायचं नाही,” मी म्हणाले.

“मग आता पहिल्या फेरीत घ्या की त्याला!” नवरा उसळला. “बापाचं नाव माइकवरून तरी येईल.”

“चौथ्या फेरीत,” कोच म्हणाला. “उरला तर. वहिनी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण मी धंद्यानं तपासनीस आहे. पोरगा चांगला आहे. वरचे चेंडू सुरेख घेतो. धिटाई आहे. पण डावीकडे खाली…” त्यानं आमच्या टीपॉयवर पेरानं टकटक केलं. “डावीकडे खाली पोकळ आहे. एक पाऊल उशिरा पडतो. वेगळं काही नाही, तिथे त्याचा विश्वास नाही. आणि गोल खाल्ला की स्वतःच्या बचाववाल्यांवर ओरडतो.”

“माझ्यावर गेलाय,” नवरा अभिमानानं म्हणाला.

मी कोचला काही बोलणार होते. आईनं काय बोलावं ते सगळं तोंडात तयार होतं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. मुलगा बाहेर आला, कुणाकडे न बघता फ्रिजपाशी गेला, बाटली काढली, पाणी प्यायला.

“लाँग किकपण जात नाही,” तो म्हणाला. “डाव्या पायानं. तेही लिहा.”

आणि आत गेला. दार हळू लावलं. ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

कोचनं घसा खाकरला. कप्तान मोबाइल बघायला लागला. नवरा एकदम उठला आणि म्हणाला, “मी चहा करतो.” दोन तासांत पहिल्यांदा.

असं ठरलं, की पहिल्या फेरीत स्ट्रायकर, तो गेला तर विंगर, कॅनडा गेलं खड्ड्यात. बाकीचं वेळेवर बघू.

आता मला इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मंडळाच्या गणपतीत नाटकात काम करते. करते म्हणजे सोडत नाही. काही वर्षांपूर्वी एका नाटकात मला दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेशुद्ध पडायचं होतं. मी अशी पडले, अशी काही पडले, की पहिल्या रांगेतून एक गृहस्थ ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ करत स्टेजवर चढले आणि माझी नाडी बघायला लागले. मी एक डोळा उघडून त्यांना म्हणाले, “डॉक्टर, अजून एक अंक आहे.” तो आवाज माइकनं उचलला. चारशे माणसं हसली. हे डॉक्टर दातांचे. अबू धाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात आणि तिथल्या संघाचे मॅनेजर आहेत. त्या दिवसापासून आमची घट्ट मैत्री, पण मी खरोखर शिंकले तरी ते टाळ्या वाजवतात.

शनिवारी सकाळी हॉल भरला. चिठ्ठ्या कुकरच्या डब्यातून काढल्या. आम्हाला चौथा क्रम आला. आमच्या मागे पाचवे डॉक्टर. माझी साडी छान होती, तिचा मला काही उपयोग नव्हता. मुलं भिंतीला उभी होती. माझा मुलगा पाण्याच्या खोक्यांपाशी, नेहमीच्या जागी. मी बघितलं की तो नजर वळवायचा.

पहिल्याच नावाला स्ट्रायकर गेला. कोचनं तोंडातल्या तोंडात गुहागरची काही शुद्ध भाषा वापरली. दुसरं नाव झालं, तिसरं झालं. टाळ्या, टी-शर्ट, फोटो. प्रत्येक नावाला माझी मान भिंतीकडे जायची.

“वहिनी,” कोच कुजबुजला, “आपण पुढे. विंगर सांगायचा ना?”

माइक माझ्या हातात आला. मॅनेजरनं नाव पुकारायचं असतं. आणि मला कळलं की माझं तोंड उघडलं तर त्यातून एकच नाव येणार आहे. त्या नावानं हाका मारण्यात मी बावीस वर्षं घालवली आहेत, जिन्यात, बागेत, पार्किंगमध्ये. जिभेला दुसरं येतच नव्हतं. ते आलं असतं, तर मुलानं मला जन्मभर माफ केलं नसतं. मी माइक कोचच्या हातात कोंबला.

“तू बघ. मी बाहेर जाते.”

“आत्ता? वहिनी, आत्ता कुठे?”

“हात धुवायला.”

आणि मी सगळ्या हॉलदेखत, सहा संघांदेखत, पदर खांद्यावर घेऊन ताडताड बाहेर गेले. मागून डॉक्टरांच्या बाजूनं कुणीतरी हसल्याचं ऐकलं. बाहेर जिन्यापाशी बेसिन होतं. मी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. वरच्या हॉलचं दार स्प्रिंगचं, ते हळूहळू बंद होत होतं आणि त्याच्या फटीतून कोचचा आवाज आला. विंगर. टाळ्या. बरोबरच होतं. मीच तर ठरवलं होतं. मी आरशात बघितलं आणि स्वतःला म्हणाले, आता उगाच रडून काजळ उतरवू नकोस, खाली पुऱ्या तळणारी माणसं घाबरतील.

मग डॉक्टरांचा आवाज आला. ते नेहमी माइकला फार जवळ धरतात, त्यामुळे सगळ्या हॉलला दाताच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. आणि त्यांनी एक नाव घेतलं. माझ्या मुलाचं, मग माझ्या नवऱ्याचं, मग आमचं आडनाव, ज्यात एक ‘ळ’ आहे. हा ‘ळ’ या देशात कुणाला जमत नाही. शाळेत, दवाखान्यात, एअरपोर्टवर, टेस्ट घेणाऱ्या इन्स्पेक्टरपर्यंत सगळ्यांनी तो लाडालाडानं ‘ल’ करून टाकलेला. डॉक्टरांनी तो नीट, गोल, मराठी उच्चारला. पहिल्या फेरीत. पाचवं नाव.

दार बंद झालं. टाळ्या झाल्या असणार, मला ऐकू आल्या नाहीत.

मी आत पळणार एवढ्यात कोचच बाहेर आला, लालबुंद.

“गेला! वहिनी, आपला गोली गेला! दुसऱ्या फेरीत मी घेणार होतो!”

“काल तर म्हणालास चौथ्या.”

“काल तो भिंतीपलीकडे होता! त्याच्यादेखत काय दुसऱ्या म्हणू? डोक्यावर बसला असता. आता गोलमध्ये कुणाला उभा करू, साहेबांना?”

मला कोचला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण डॉक्टरांकडून हिसकावलेला माइक त्याच्या हातात होता आणि तो चालू होता. नंतर कळलं, हॉलनं आमचं संभाषण आवडीनं ऐकलं.

जेवताना डॉक्टर ताट घेऊन माझ्याकडे आले. डोळे चमकत होते.

“वहिनी, ओळखलं हं! म्हटलं, ह्या ऐन वेळी हात धुवायला निघाल्या, म्हणजे काहीतरी शिजतंय. पोराबद्दल मन दुखल्यासारखं दाखवायचं, सगळ्यांना वाटेल त्याला कुणी घेत नाही, आणि दुसऱ्या फेरीत आरामात उचलायचा! एकदा फसलोय मी तुमच्या बेशुद्धीला. पुन्हा नाही.”

माझ्या हातातली पुरी तशीच राहिली. म्हणजे त्यांनी माझ्या मुलाला निवडलंच नव्हतं. त्यांनी मला हरवलं होतं. मी खरं सांगावं, की डॉक्टर, ते नाटक नव्हतं? एक तर त्यांना पटणार नाही, आणि पटलं तर? पहिली फेरी वाया गेली म्हणून तोंड पडेल आणि ते तोंड मुलगा बघेल. तो समोरच होता, त्यांचा हिरवा टी-शर्ट कपड्यांवरूनच घालून, इतर मुलांबरोबर फोटोत, आणि हसू दाबता न आल्यामुळे गाल आतून चावत होता. तीन वर्षांत मी त्याला त्या हॉलच्या मध्यावर उभा बघितलं नव्हतं.

मग मी त्या दिवसातला माझा एकमेव अभिनय केला. मी पकडली गेले. मान खाली घातली, ओठ चावला, म्हणाले, “डॉक्टर, तुमच्यापुढे काही चालत नाही बाई.” ते इतके खूश झाले की माझ्या ताटात त्यांची जिलेबी ठेवून गेले.

पुढचे आठवडे मी जिवात जीव नसल्यासारखी जगले. लायसन्स नसलेल्या मुलाला सरावाला नेणार कोण? दर रविवारी सिलिकॉन ओएसिस ते अबू धाबीतलं मुसफ्फाजवळचं मैदान, तासाभराहून जास्त, गाडीत मी आणि गोलीचे ओले ग्लोव्हज, ज्यांचा वास मी इथे सांगणार नाही. आमच्या संघाची मुलं मंडळाच्या भाषेत अनाथ झाली, नवरा त्यांना ऊबरनं न्यायचा. मी मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्चीवर बसायचे आणि बसायचे नाही. मुलानं चेंडू अडवला की डॉक्टरांकडे बघायचे. सुटला की डॉक्टरांकडे बघायचे. त्यांना कळलं का? आज कळलं का, की आपण एका बाईच्या हात धुण्यावर पहिली फेरी घालवली? डॉक्टर मात्र मला दर वेळी विचारायचे, “काय वहिनी, हेरगिरी?” आणि इथला तो कडक, दुधाळ करक चहा पाजायचे. मुलगा गाडीत बसला की डोळे मिटून घ्यायचा. एकदा म्हणाला, “दे ट्रस्ट मी, आई. इट्स वीअर्ड.” मी पुढच्या ट्रककडे बघत राहिले.

आणि मग त्यांचा-आमचा सामना आला. मॅनेजर म्हणून मी आमच्या बाकावर बसायला हवं होतं. आई म्हणून त्यांच्या गोलमागे. मी मधल्या झेंड्याजवळ खुर्ची टाकली, डॉक्टरही तिथेच येऊन उभे राहिले. आमच्या गोलमध्ये कोचनं तिसऱ्या फेरीतला एक गुटगुटीत मुलगा उभा केला होता, तोही बरा खेळत होता. माझ्या मुलानं पहिल्या हाफमध्ये वरचे दोन चेंडू असे काढले की आमच्याच बाकावरून नवऱ्यानं ‘शाब्बास’ म्हटलं आणि कोचकडून ऐकून घेतलं.

सामना संपत आला तरी गोल शून्य. तेवढ्यात आमचा विंगर चेंडू घेऊन एकटा सुटला, कॅनडाला न गेलेला. आणि कोच सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, “डावीकडे! खाली! यल्ला, मार!”

मुलानं ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. तो तिकडे झुकलाही. पण एक पाऊल उशिरा. चेंडू डावीकडून, खालून, त्याच्या बोटांना चाटून आत गेला.

मुलगा उठला आणि स्वतःच्या बचाववाल्यांवर ओरडला.

आमचा बाक नाचत होता. मी खुर्चीला धरून बसले. संपलं, असं मला वाटलं. डॉक्टरांकडे बघायची हिंमत नव्हती. ते शांतपणे सनफ्लॉवरच्या बिया सोलत होते.

“डावीकडे खाली,” ते म्हणाले. “तिथे एक पाऊल कमी पडतं त्याला. गेली तीन वर्षं आमचे सगळे गोल त्याच्याविरुद्ध तिथूनच झाले. आणि आता ओरडणार म्हणून माझी पोरं कानात बोटं घालायला शिकलीत.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“वहिनी, तीन वर्षं त्याच्याविरुद्ध खेळतोय. उघडं तोंड बघून दात मोजणारा माणूस मी. लाँग किक डाव्या पायानं जात नाही, तेही माहीत आहे. पण वरून येणारे चेंडू सगळ्या लीगमध्ये त्याच्यासारखे कुणी घेत नाही.” बी सोलली, खाल्ली. “तो घरचा होता तोवर काही करता येत नव्हतं. यादीत नाव दिसलं आणि मी आदल्याच दिवशी बायकोला सांगितलं, पहिल्या फेरीत हा.”

“मग माझं ते… हात धुवायला…”

“ते जेवताना बोललो तुमच्या कोचला चिडवायला! तो माझ्या मागेच पुऱ्या खात उभा होता. म्हटलं, वहिनींच्या हात धुण्यानं गोली गेला म्हणून आठवडाभर तळमळू दे.”

मी काय केलं असेल? मी उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. गोल होऊन मिनिट उलटून गेलं होतं, मैदान शांत झालं होतं, आणि माझ्या मुलाच्या अंगावरून गेलेल्या गोलाला मी एकटी, उभी राहून, मोठमोठ्यानं टाळ्या देत होते. त्यानं गोलमधून मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी एकदा पाहिली होती, त्या लोणी-टोस्टच्या सकाळी.

परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर बसला, पुढे नाही. ग्लोव्हज पुढे, तो मागे. निम्म्या वाटेवरचं अल घंतूत मागे गेलं तरी तो बोलेना. मीही हसू आवरत होते आणि ते आवरत नव्हतं.

“तू एवढी खूश का आहेस?” शेवटी तो म्हणाला. “आय लेट इन अ स्टुपिड गोल.”

“डावीकडे खाली.”

“आय नो व्हेअर इट वॉज, आई.”

“सगळ्यांना माहीत आहे,” मी म्हणाले, आणि मला पुन्हा इतकं हसू आलं की गाडी जरा हळू करावी लागली.

त्याला वाटतं, माझा संघ जिंकला म्हणून मी हसत होते. वाटू दे. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ज्यांना हे वाचता येतंय त्यांनी कृपा करून त्याला सांगू नये. रविवारी पुन्हा मुसफ्फा आहे, आणि मला तो पुढच्या सीटवर हवा आहे.